सबमीटर

चुंचाळ्याच्या मागं, कंपनीच्या भिंतीला लागून
केदूआप्पाच्या वीस गुंठ्यांत आम्ही एकोणीस घरं.
पत्रे आमचे, अँगल आमचे,
दाराची कडीसुद्धा मी शालिमारवरून घासाघीस करून आणलेली.
फक्त खालची जमीन त्याची.
उद्या ऊठ म्हणाला
तर नटबोल्ट खोलून घर टेम्पोत घालता येतं.
हिरामण गावितनं दोनदा घातलंय,
दुसऱ्या खेपेला खिडकी उलटी बसली,
ती अजून बाहेरूनच उघडते.

जागाभाड्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.
तक्रार होती पाच तारखेला
दाराच्या फटीतून आत येणाऱ्या चिठ्ठीबद्दल.
लाईट. पाणी. मोटार. किरकोळ.
किरकोळ म्हणजे काय, मी विचारलं.
आप्पा म्हणाला, किरकोळ म्हणजे किरकोळ.

मी कंपनीत मायक्रोमीटर धरते.
पाळीला सहाशे पिना,
केसाएवढा फरक, की लाल डब्यात.
घरी आल्यावर हात थांबतात,
डोळे थांबत नाहीत.
एका रविवारी पंखा बंद केला, बल्ब बंद केला,
मोबाईल चार्जिंगवरून काढला,
आणि दारावरच्या पेटीत
तो बारका लाल ठिपका लुकलुकतच राहिला,
उपाशी माणसासमोर कुणी चघळत बसावं तसा.

मग वही झाली.
रामसजीवननं शिडी धरली,
सुलभा पगारे चढून आकडे ओरडायची,
भिलाच्या आठवीतल्या पोरीनं बेरीज केली.
त्याच आठवड्यात वीज मंडळाचं मोठं बिल
चुकून किराणावाल्याकडे पडलं
आणि त्यानं चुकून आम्हाला दाखवलं.
आमच्या एकोणीस पेट्यांची बेरीज
मोठ्या मीटरपेक्षा जास्त.
पोरीनं तीनदा करून पाहिली.
हिरामण म्हणाला,
धरणापेक्षा पाटालाच पाणी जास्त बघ.

आप्पानं वही बघितली, उलटी धरून.
वायरीत झिरपतं, म्हणाला,
ते काय माझ्या बापानं भरायचं?
झिरपलं असतं तर इथं कमी भरलं असतं ना,
पोरगी म्हणाली.
भिलानं तिला मागं ओढलं,
पण वाक्य पुढंच उभं राहिलं.

त्या महिन्यात आम्ही मोठ्या बिलाच्या दरानं भरले.
एका पाकिटात, वर हिशेब, खाली एकोणीस सह्या,
त्यातले सहा अंगठे.
त्यानं थुंकी लावून मोजले,
पुन्हा मोजले,
आणि रात्री साडेनवाला खटका ओढला.

एकोणीस पंखे एकदम गप्प झाले.
दिवसभर तापलेला पत्रा तेवढा कडकडत होता.
आम्ही बाहेर आलो, पोरं कडेवर घेऊन,
लांब पांडवलेण्याच्या डोंगराखाली हायवे चमकत होता
आणि इथं
आप्पाच्या बंगल्याचा जिना काळा,
गेटावरचा दिवा काळा,
बोअरची मोटार अर्ध्या घोटात थांबलेली,
खालच्या गिरणीची पाटीसुद्धा गेलेली.
कुणी काही बोललं नाही.
मग सुलभा हसली,
तोंडावर पदर न घेता.

आप्पा पायानं पायरी चाचपत खाली आला.
रामसजीवननं मोबाईलची बॅटरी मारली त्याच्या पावलांवर,
संभलके सेठ, एक और है.
वीस मिनिटांनी लाईट आली.
कुणी जिंकलं असं मला वाटलं नाही,
फक्त माझ्या पेटीतला ठिपका
आता कुणासाठी लुकलुकतो ते कळलं होतं.

पाच तारखेला चिठ्ठी आली.
लाईट. पाणी. मोटार.
किरकोळ खोडलेलं,
त्याच्याखाली नव्या निळ्या शाईत:
जिन्याचा दिवा, सामाईक, भागिले एकोणीस.

बराच वेळ मी ती चिठ्ठी हातात धरली.
मग कंपनीतला लाल पेन काढला,
एकोणीस खोडून वीस केले
आणि जिना चढून
त्याच्या दाराच्या फटीतून
आत सरकवली.